हळदीला मुलांसाठी टेम्पररी टॅटूचा काउंटर ठेवायचाय, कुठला प्रकार घ्यावा?

निशिगंधा_ठाणे

नमस्कार मंडळी. डिसेंबरात धाकट्या दिराचं लग्न आहे नाशिकला, आणि हळदीच्या दिवशी पोराटोरांना काहीतरी उद्योग हवा म्हणून आम्ही जावाजावांनी टॅटूचा काउंटर ठेवायचं ठरवलंय. मुलं वीस-पंचवीस असतील, अगदी बालवाडीतल्यापासून ते बारावीतल्यापर्यंत. इव्हेंटवाल्याने चार ऑप्शन दिलेत. एक साधे स्टिकर, पाणी लावून चिकटवायचे. दुसरे ग्लिटरचे. तिसरं एअरब्रश, म्हणजे स्टेन्सिल ठेवून छोट्या मशीनने शाई मारतात. आणि चौथं जे आहे त्याला तो 'हर्बल ब्लॅक मेंदी टॅटू' म्हणतोय, तासाभरात काळंभोर होतं आणि पंधरा दिवस टिकतं म्हणे. मोठ्या मुलांना अर्थातच तेच हवंय कारण दंडावर काढलं की खऱ्या टॅटूसारखं दिसतं.

सासूबाईंचं म्हणणं, मेंदीच तर आहे, त्यात काय एवढं, आपल्याकडे सगळ्या कार्याला लावतातच की. पण माझं मन काही धजत नाहीये. माझी लेक सात वर्षांची आहे, तिला लहानपणी एक्झिमा होता आणि अजूनही थंडीत कोपरापाशी कातडी लाल होते. कोणी हे सगळे प्रकार जवळून बघितलेत का? आणि लग्नानंतर सोमवारी मुलांना शाळा आहे, तर काढायचं कसं तेही सांगा, काही शाळा फार कडक असतात.

मेंदीवाली_सोलापूर

ताई, चौथा ऑप्शन आत्ताच फोन करून कॅन्सल करा. मी लग्नाच्या मेंदीच्या ऑर्डरी घेते, हाच माझा व्यवसाय आहे, आणि हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते की मेंदी काळी नसते. कधीच नसते. मी सोजतची पावडर आणते, राजस्थानातलं पाली जिल्ह्यातलं सोजत, तिथल्या मेंदीला जीआय टॅगसुद्धा मिळालाय. ती मलमलच्या कापडातून गाळायची, लिंबाचा रस, थोडी साखर आणि निलगिरीचं तेल घालून भिजवायची आणि रंग सुटेपर्यंत झाकून ठेवायची, मग कोन भरायचे. हातावर काढल्यावर चार-पाच तास तरी राहू द्यावी लागते. खरवडली की आधी नारिंगी दिसते, कितीतरी नवऱ्या घाबरून मला फोन करतात की ताई रंग आलाच नाही, आणि मी म्हणते उद्या संध्याकाळी बघ. एक-दोन दिवसात ती नारिंगीची लाल, मग तपकिरी होत जाते.

अजून एक, तळहातावर आणि तळपायावर कातडी जाड असते म्हणून तिथे रंग गडद चढतो. मनगटाच्या वर गेलं की फिकट, दंडावर तर अजून फिकट. तेव्हा दंडावर तासाभरात काळंभोर झालं असं कोणी म्हणालं तर ते मेंदीचं काम नाहीच, त्यात हेअर डाय कालवलेली असते. कोन उघडला की वासावरून कळतं बघा, खऱ्या मेंदीला ओल्या पाल्याचा आणि निलगिरीचा वास येतो आणि भिजवलेला लगदा हिरवट तपकिरी असतो. हा काळा असतो, शाईसारखा, आणि त्याला एकतर काहीच वास नसतो किंवा औषधासारखा उग्र असतो. बाजारात ते पाच मिनिटांवाले इमर्जन्सी कोन मिळतात ना, तेसुद्धा मी हातात धरत नाही, आत काय भरलंय ते पाकिटावर धड लिहिलेलं नसतं.

कातडीचा_डॉक

वरच्या ताईंनी अगदी बरोबर सांगितलंय, मी फक्त कारण सांगतो. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि हा विषय निघाला की मला राहवत नाही, कारण याची जी पोरं आमच्याकडे येतात त्यांचं नुकसान पूर्ण टाळता येण्यासारखं असतं.

खऱ्या मेंदीत रंग देणारा घटक असतो लॉसोन. तो कातडीच्या अगदी वरच्या मेलेल्या थरात मुरतो, तो थर झडला की मेंदी गेली. काळ्या मेंदीत जे असतं त्याचं नाव पॅराफिनायलिनडायअमीन, थोडक्यात पीपीडी. हेच काळ्या हेअर डायमध्ये असतं आणि केसांच्या 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ पाकिटांतही असतं. युरोपात केसांच्या रंगात ते डोक्याला लावताना जास्तीत जास्त २ टक्के असायला परवानगी आहे, आणि तेही केसांसाठी, थोडा वेळ ठेवून धुऊन टाकायला. कातडीवर नक्षी काढायला परवानगीच नाही. अमेरिकेतही मेंदी फक्त केस रंगवायला मान्य आहे. आणि काळ्या मेंदीचे नमुने जेव्हा तपासले गेले तेव्हा काहींत पीपीडी १५ टक्क्यांच्याही वर निघालंय, शिवाय ते धुवायचं नसतं, वाळेपर्यंत तसंच ठेवायचं असतं. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या, म्हणजे एखादी वस्तू लागून कातडीला होणाऱ्या दाहाच्या, तज्ज्ञांच्या संस्थेने २००६ साली पीपीडीला 'अ‍ॅलर्जन ऑफ द इयर' ठरवलं होतं ते काही उगाच नाही.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. पहिल्यांदा लावलं की त्याच दिवशी काहीच होत नाही. शरीराला ते ओळखायला वेळ लागतो, म्हणून खाज आणि फोड आठवड्याने, दहा दिवसांनी येतात, तोवर लग्न आटोपून सगळे आपापल्या गावी गेलेले असतात आणि कशाने झालं ते कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्याला आधी एकदा अ‍ॅलर्जी बसलीये त्याला मात्र एक-दोन दिवसांतच येतं आणि जोरात येतं. फोड बरे होतात, पण लहान मुलांत तिथे नक्षीच्या आकाराचा पांढरा डाग राहू शकतो, तो कित्येक महिने जात नाही. आणि अ‍ॅलर्जी मात्र जन्मभर राहते. म्हणजे हे पोरगं पुढे पंचविशीत केस रंगवायला गेलं तर डोळे सुजून बंद होऊ शकतात. पीपीडीसारखी रचना असलेल्या आणखी काही गोष्टी आहेत, कपड्यांतले काही गडद रंग, बेंझोकेनसारखी काही बधिर करायची औषधं, सल्फाची काही औषधं, त्यांच्याशीही ही अ‍ॅलर्जी जुळू शकते.

निशिगंधाताई, एक्झिमा असलेल्या मुलीच्या बाबतीत एक सांगतो. लाल झालेल्या, सोललेल्या जागेवर कुठलाच टॅटू नको, स्टिकरसुद्धा नको. निरोगी कातडीवर छोटा स्टिकर आधी दोन-तीन दिवस लावून बघा. गोंदाचीसुद्धा अ‍ॅलर्जी येते. आपल्याकडे टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडतो, हे आमच्या ओपीडीत बायकांमध्ये नेहमी दिसतं, आळत्यानेही पावलांवर असे डाग पडलेले असतात. त्यामुळे रोज लावायची वस्तू आणि दोन दिवसांसाठी लावायची वस्तू यात फरक करा. लग्नात एक दिवस लावलेल्या स्टिकरला मी घाबरत नाही.

आणि कुटुंबात कोणाला जी-सिक्स-पीडी ची (तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) जन्मजात कमतरता असेल तर अगदी लहान बाळांना साधी मेंदीही लावू नका, त्याने रक्तातल्या पेशी फुटल्याच्या केसेस आहेत. हे फार थोड्या घरांना लागू आहे पण ज्यांना आहे त्यांना माहीत असायला हवं.

पेडणेकर_काका

डॉक्टर म्हणतात ते मी घरात बघितलंय. माझा पुतण्या नववीत असताना मित्रांच्या घरच्यांबरोबर गोव्याला समुद्रावर गेला होता, तिथे वाळूत बसलेल्या एका माणसाकडून त्याने दंडावर ड्रॅगन काढून घेतला. आला तेव्हा सगळ्यांना दाखवत होता, दिसतही छान होता. नंतरच्या आठवड्यात रात्री खाज सुटायला लागली आणि एक दिवस सकाळी बघतो तर जिथे जिथे रेघ होती तिथे फुगलेली, पाण्याने भरलेली. शेपटी, पंजे, सगळं फोडांत उमटलं होतं. आमच्या वहिनींना वाटलं नागीण झाली. डॉक्टरांनी गोळ्या आणि मलम दिलं, महिन्याभरात बसलं. पण त्यानंतर कितीतरी वर्षांनी कॉलेजच्या नाटकासाठी त्याच्या केसांना काळा रंग लावला तर कपाळ, कान, पापण्या एवढ्या सुजल्या की प्रयोगाला दुसऱ्याला उभं करावं लागलं. आता तो न्हाव्याकडे बसला की आधी सांगतो, मला काहीही काळं लावायचं नाही.

त्या गाडीवाल्याला, स्टॉलवाल्याला कुठे शोधणार हो. म्हणून लग्नात निदान नाव-पत्ता असलेला माणूस ठेवा आणि साहित्याची बाटली आधी मागून बघा.

स्टेन्सिल_दादा

एअरब्रशबद्दल माझ्याकडून. मी वाढदिवसाचे आणि कंपन्यांच्या फॅमिली डेचे काउंटर करतो, गुढीपाडव्याच्या शोभायात्रांतही करतो. एअरब्रशची चांगली शाई म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला कॉस्मेटिक रंग. स्टेन्सिल कातडीला चिकटवायचं, हात ताणून धरायचा, मशीन चार बोटं लांब धरून हलका फवारा, एकदम ओला मारला की कडेने शाई आत पसरते आणि वाघाचं मांजर होतं. स्पिरिट उडून जातं, रंग राहतो, वरून टाल्कम पावडर. दोन-तीन दिवस मस्त राहतो, घाम आला तरी राहतो. वेळ एका मुलाला दोन मिनिटं, म्हणून पंचवीस मुलांना हा सगळ्यात सोयीचा. फक्त दोन गोष्टी बघून घ्या. तोंडावर नको, कारण स्पिरिटचा फवारा डोळ्यात गेला तर झोंबतो. आणि माणूस क्राफ्टचा किंवा गाड्या रंगवायचा अ‍ॅक्रिलिक तर वापरत नाही ना ते विचारा. स्वस्तात करणारे काहीजण वापरतात, बाटलीवर कॉस्मेटिक ग्रेड आणि घटकांची यादी असली पाहिजे. 'नॉन टॉक्सिक' एवढंच लिहिलेलं असेल तर ते कातडीसाठी आहे असा अर्थ होत नाही, ते चित्रकलेच्या रंगांवर पण लिहिलेलं असतं.

ग्लिटर टॅटू छोट्या मुलींना फार आवडतो. आधी स्टेन्सिल, मग बॉडी ग्लू, तो पारदर्शक झाला की वरून चमकी ब्रशने. पाच-सहा दिवससुद्धा राहतो. ग्लू लॅटेक्सवाला नसावा, आणि चमकी गोल कापलेली कॉस्मेटिकची असावी, शाळेच्या प्रोजेक्टची जी चमकी असते तिचे कोपरे टोकदार असतात आणि डोळ्यात गेली की बुबुळाला ओरखडा येतो. हळदीत सगळे एकमेकांच्या गालाला हात लावतात, चमकी इकडची तिकडे जाते, म्हणून मी चार वर्षांच्या आतल्या मुलांना ग्लिटर करतच नाही.

आणि हो, मोठ्या मुलांना काळंच हवं असेल तर जागुआ म्हणून एक प्रकार आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण भागात जेनिपा नावाचं झाड असतं, त्याच्या कच्च्या फळाच्या रसाने तिथले आदिवासी पिढ्यानपिढ्या अंग रंगवतात. तो लावल्यावर लगेच काही दिसत नाही, दुसऱ्या दिवशी निळसर काळा उमटतो आणि दहा-बारा दिवस राहतो. पण आपल्याकडे अस्सल जेल महाग पडतं आणि त्याच नावाखाली भलतंच विकणारेही आहेत, शिवाय त्याचीही अ‍ॅलर्जी कोणाकोणाला येते, त्यामुळे लग्नाच्या गर्दीत मी ते काढणार नाही. एकट्यादुकट्याला, आधी कोपराच्या आत ठिपका लावून बघून, ठीक आहे.

चिन्या_पुणे

दादा एक विचारू का, मी एकोणीस वर्षांचा आहे, आमच्या इथे एक स्टुडिओवाला सेमी-परमनंट टॅटू करतो म्हणतोय, सुईनेच पण वरवर, दोन वर्षांत आपोआप जातो असं. घरी परमनंट चालणार नाही म्हणून हे करावं असं वाटतंय. जातो का खरंच?

स्टेन्सिल_दादा

चिन्या, नको करूस. सुई वरच्या थरातच राहिली तर शाई दोन-तीन आठवड्यांत झडून जाते, आणि खाली गेली तर राहते. मधलं असं काही नाही. दोन वर्षांनी रेघा पुसट होतात, पसरतात, निळसर छटा राहते आणि मग ती काढायला लेसरच्या पाच-सात खेपा. तू आधी स्टिकर कर, पाहिजे ते डिझाइन पाहिजे त्या जागी लाव, महिनाभर दर चार दिवसांनी नवा लाव आणि बघ तुला कंटाळा येतो का. मी हे माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या पोरांना करायला लावतो, निम्म्यांची जागा तरी बदलते.

कातडीचा_डॉक

पूर्ण अनुमोदन. शाई खालच्या थरात गेली की तिथल्या पेशी ती गिळून धरून ठेवतात, ती पेशी मेली की शेजारची पेशी तीच शाई उचलते. म्हणूनच आपल्या आज्यांचं गोंदण सत्तर वर्षांनीही दिसतं. ठरलेल्या तारखेला जाणारी शाई म्हणून जे विकतात त्यावर विश्वास ठेवू नकोस.

रानफुल

गोंदणावरून लिहिते. माझ्या आजीच्या हातावर तुळस होती आणि हनुवटीवर तीन ठिपके. मागच्या वर्षी बहिणीच्या लग्नात आम्हाला सगळ्या मुलींना तेच हवं होतं, पण कायमचं नको, म्हणून मी घरीच स्टिकर छापले. तुळस, विंचू, मोर, चंद्रकोर असं सगळं आजीच्या आणि तिच्या बहिणींच्या हातांचे फोटो बघून काढलं, हिरवट निळ्या रंगात, कारण गोंदणाचा रंग तसाच दिसतो, पूर्ण काळा केला की ते नवीन वाटतं. आजीची जाऊ अजून आहे, नव्वदीच्या पुढची, तिने प्रत्येकीचा हात धरून बघितला आणि दोघींच्या विंचवाची नांगी चुकलीये म्हणून सांगितलं, ती खरंच उलट्या बाजूला वळली होती. निशिगंधा, तुमच्याकडेही जुन्या बायका असतील तर मुलांना त्यांच्या हातावरचं विचारायला लावा, त्यांना इतकं बरं वाटतं कोणी विचारलं की.

ऑर्डर द्यायची असेल किंवा छापून घ्यायचं असेल तर एक लक्षात ठेवा, चित्र आरशात दिसतं तसं उलटं छापायचं असतं कारण कागद पालथा घालून चिकटवतो. चित्राला कळत नाही पण देवनागरी अक्षरं असतील तर लगेच कळतं. आमच्या इथे एका दुकानदाराने नवरानवरीची नावं सुलटी छापून दिली होती, सगळा गठ्ठा परत करावा लागला. आणि घरच्या प्रिंटरची शाई काही अंगासाठी बनवलेली नसते, मी मोठ्या मुलींनाच एका दिवसासाठी लावली होती, लहान मुलांना तयार, घटक लिहिलेले स्टिकर आणा.

निशिगंधा_ठाणे

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. इव्हेंटवाल्याला फोन केला. बाटलीचा फोटो पाठव म्हटलं तर आधी म्हणाला मॅडम सगळे हेच लावतात, मग म्हणाला आमचा माणूस स्वतः बनवतो. मी सरळ नाही म्हणून सांगितलं. सासूबाईंना पेडणेकर काकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, त्या स्वतःच म्हणाल्या की पोरांच्या अंगाला ते नको. आता लहानांना स्टिकर, मोठ्यांना एअरब्रश आणि ज्यांना मेंदी हवी त्यांना साधी लाल मेंदी, तळहातावर. रानफुल, गोंदणाची कल्पना फारच आवडली, आमच्या आत्तेसासूबाईंच्या हातावर आहे, त्यांच्याकडून काढून घेणार.

लेकीला काल पोटरीवर फुलपाखराचा छोटा स्टिकर लावून ठेवलाय, अजून तरी कातडी छान आहे. आता फक्त वेळेचं सांगा, काउंटर हळदीच्या आधी लावू की नंतर? आणि काढायचं कसं ते राहिलंच.

स्टेन्सिल_दादा

नंतर. हळद तेलात कालवतात ना, आणि तेलच स्टिकरचा शत्रू. स्टिकर म्हणजे चिकट गोंदाचा थर, त्यावर शाई, आणि कागद सोडवणारा एक थर जो पाण्याने विरघळतो. तो गोंद तेलाने सुटतो. आधी लावलेत तर हळदीचा हात फिरला की मोराची मान तुटलेली दिसेल. एअरब्रशचंही तेच, वरून पिवळा डागही बसतो. मुलांची हळद खेळून झाली, आंघोळ झाली, कपडे बदलले की मग बसवा. मुलांना सांगून ठेवा अंगाला बॉडी लोशन किंवा खोबरेल लावून येऊ नका. काउंटरवर कापूस आणि स्पिरिट ठेवा, लावायच्या जागेवरून एकदा पुसा, तुमच्या लेकीचं मात्र साध्या साबण-पाण्याने, स्पिरिटने तिची कातडी कोरडी पडेल. वरची प्लास्टिकची फिल्म आधी काढायची, हे निम्मे लोक विसरतात. पालथा दाबा, ओला रुमाल अर्धा मिनिट, कागद आपोआप सरकला पाहिजे, ओढायचा नाही. मग ती जागा सुकेपर्यंत हात दुमडू द्यायचा नाही. कोपर, गुडघा, मनगटाची घडी इथे लावू नका, दुसऱ्या दिवशीच भेगा पडतात.

काढायला रविवारी रात्री खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं ठेवा, मग मऊ फडक्याने गोल गोल पुसा आणि साबणाने धुवा. एअरब्रशलाही हेच, तेलाने नाही गेलं तर मोठ्या मुलांना थोडं स्पिरिट. ग्लिटर घेतलंत तर आधी सेलोटेप दाबून चमकी उचला, मग तेल. घासणी किंवा दगड कोणी लावू नका, कातडी सोलली जाते.

मेंदीवाली_सोलापूर

आणि ताई, मेंदीचं मात्र उलटं. ती हळदीच्या आदल्या दिवशीच काढून घ्या, म्हणजे हळद लागेपर्यंत रंग चढलेला असेल आणि तेलाने त्याचं काही बिघडत नाही. सोमवारी ती जाणार नाही, ते मुलांच्या आयांना आधीच सांगून ठेवा, ज्यांच्या शाळा कडक आहेत त्यांनी स्टिकरच घ्यावा. छोट्यांना तळहाताच्या मध्ये एक गोल आणि बोटांची टोकं एवढंच काढा, लगेच वाळतं आणि ते कपड्यांना पुसत नाहीत. कोन हवे असतील तर वि.पु.त (विचारपुशीत, म्हणजे इथेच मला निरोप टाकून) कळवा, मी ताजे भिजवून पाठवते, आले की फ्रीजरमध्ये टाकायचे आणि काढायच्या तासभर आधी बाहेर ठेवायचे.